खोटा काका आणि खरा काका

रविवारी पोहे-जलेबी आटोपली आणि मुलांना घेऊन ‘स्पाय किड्स’ लावला. २००१ सालचा सिनेमा, जेमतेम दीड तासाचा, दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिगेझ. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा. आईला इंग्रजी कळत नाही, म्हणून मी तिच्या शेजारी बसून मराठीत सांगत होतो.

ग्रेगोरिओ आणि इन्ग्रिड हे दोन शत्रुदेशांचे हेर. एकमेकांना संपवायला निघालेले, प्रेमात पडले, लग्न केलं आणि मुलांसाठी ते काम सोडून बसले. इन्ग्रिड रात्री झोपताना मुलांना हीच गोष्ट सांगते, पण गोष्टीतले हेर म्हणजे आपलेच आईबाबा, हे कार्मेन आणि जुनीला माहीत नसतं. मग आईबाबा पुन्हा एका कामगिरीवर जातात, पकडले जातात आणि त्यांना सोडवायची जबाबदारी या दोघांवर येते.

मुलं कुठे रमली ते सांगतो. लपायच्या घराचं दार कार्मेनच्या पूर्ण नावानं उघडतं. ते नाव चांगलंच लांबलचक आणि नेहमी कुणी न घेणारं. यावर आईनं सिनेमा थांबवायला लावून आमच्या घरात कुणाचं पाळण्यातलं नाव काय, ते सगळं सांगितलं. मुलीला स्वतःचं दुसरं नाव पहिल्यांदाच कळलं. पुढे त्या घरात एक चपटं पाकीट मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं की गरम बर्गर बाहेर येतो. मुलगा उठून आमच्या मायक्रोवेव्हचं दार उघडून आत बघून आला. खलनायकाच्या वाड्यावर पहारा देणाऱ्यांचे हात, पाय, डोकं, सगळे अंगठेच! त्यावर दोघं लोळून हसली.

खलनायक फ्लूप मात्र मला मधेच सैल पडलेला वाटला. कॉम्प्युटरवर केलेली दृश्यं आता जुनी दिसतात. फ्लूपनं चेहरे विद्रूप करून टाकलेली माणसं आहेत, त्यांना बघून पाच वर्षांच्या आतलं मूल दचकेल. लहान असेल तर मांडीवर घेऊन बघा.

पण माझा जीव अडकला तो काकात. सुरुवातीला मुलांना सांभाळायला जो काका येतो, तो त्यांचा काका नसतोच, आईबाबांच्या हेरखात्यातला माणूस असतो. खरा काका दुसरीकडे, आपल्या दुकानात हेरांसाठी नाना यंत्रं बनवत बसलेला. नाव माचेटे, काम डॅनी ट्रेहोनं केलंय. भावाशी त्याचं बोलणं बंद. पुतणी-पुतण्या दारात आले तरी आधी तो मदतीला नाहीच म्हणतो. आईनं विचारलं, “का रे, भावा-भावांत काय झालं?” मी म्हटलं, “पुढे कळेल.” शेवटी तो खिडकीची काच फोडून मदतीला येतो आणि दोघे भाऊ एकमेकांना मिठी मारतात. तेव्हा मला पुढचं वाक्य आईला सांगता आलं नाही. ती म्हणाली, “राहू दे, कळलं मला.”

रॉड्रिगेझ स्वतः दहा भावंडांतला. त्याचे ग्रेगोरिओ नावाचे काका एफबीआयमध्ये होते, त्यांचंच नाव सिनेमातल्या बाबांना दिलंय. असा माणूस भावांचं भांडण लिहितो तेव्हा ते वरवरचं राहत नाही. कारण नीट सांगितलं नाही तरी पटतं.

माझा दादा रामबागेत राहतो. घराच्या वाटणीवरून दोन वर्षं आमचं बोलणं नाही. लहानपणी त्यानं मला बुटांच्या खोक्याचा पेरिस्कोप करून दिला होता, आत दोन आरसे घालून. आम्ही त्यातून भिंतीपलीकडच्या अंगणातला पेरू बघायचो.

सिनेमा संपल्यावर मुलानं तसाच पेरिस्कोप मागितला. संध्याकाळभर मी खोकं कापत बसलो. आरसे ४५ अंशांत तिरपे बसले तरच पलीकडचं दिसतं, आणि माझे काही केल्या बसेनात. छतच दिसत राहिलं. मुलानं विचारलं, “तुम्हाला कुणी शिकवलं होतं?” मी नाव सांगितलं.

दुसरा भाग २००२ सालचा आहे. तो अजून लावलेला नाही. येत्या रविवारी खोकं आणि दोन्ही आरसे पिशवीत घालून, मुलांना आणि आईला घेऊन रामबागेत जायचं ठरवलंय. दादाकडे टीव्ही आमच्यापेक्षा मोठा आहे.