अबोला धरावा, की सांगून थांबावं?

जोडीदार रागाच्या भरात अपमान करतो तेव्हा उलट ओरडून काही साधत नाही, हे तुम्हाला माहीत असणारच. मग उरतात दोन वाटा: अबोला धरायचा, नाहीतर ‘या भाषेत मी बोलणार नाही, अर्ध्या तासाने बोलू’ असं सांगून खोलीबाहेर पडायचं. मी दोन्ही करून पाहिलंय.

अबोल्याची बाजू अगदीच लंगडी नाही. शब्दाने शब्द वाढत नाही, मुलांच्या कानावर काही पडत नाही. एखाद्या दिवसाच्या चिडचिडीला तेवढं पुरतही असेल.

मला खटकलं ते वेगळंच. बायको माझ्या मनाला लागेल असं जे बोलायची, त्यावर कधी बोलणं व्हायचंच नाही. दुसऱ्या दिवशी भांडणाचा विषय असायचा माझं गप्प राहणं. “किती दिवस तोंड फुगवून बसणार आहेस?” अपमान बाजूला राहायचा आणि खुलासा मी करायचा. मग कुणीतरी जेवायला हाक मारायचं, अबोला सुटायचा, आणि तो शब्द पुढच्या भांडणात पुन्हा यायचा, आधीपेक्षा सहज. कशाने दुखावलो, कधी बोलणार, हे तिला कळायला मार्गच नसायचा.

वैवाहिक नात्यांचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन संसार पोखरणाऱ्या चार सवयी सांगतात: स्वभावावर टीका, तुच्छता, सतत स्वतःचा बचाव आणि संवाद तोडून गप्प होणं. तुच्छता त्यांच्या मते सर्वांत घातक. पण गप्प होणंही त्याच यादीत आहे.

सांगून थांबण्यात हा घोळ राहत नाही. कारण कळतं, परत येण्याची वेळ कळते. नाडी मिनिटाला 100 च्या वर गेली की समोरच्याचं ऐकून घेणं अवघड होतं आणि शांत व्हायला निदान 20 मिनिटं लागतात, असं गॉटमन सांगतात. म्हणून अर्धा तास. तेवढ्या वेळात मनात उत्तरं जुळवत बसलं तर राग उतरत नाही. मी चालायला जातो.

त्रास इथेही आहे. सुरुवातीला “पळून चाललास” हे ऐकावं लागतं, आवाज आणखी चढतो. तेव्हा वाद न घालता तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. आणि सांगितलेल्या वेळी परत यायचंच, नाहीतर तोही अबोलाच. ‘तू ओरडायचं नाही’ हा हुकूम झाला, तो कोण पाळणार? ‘तू ओरडलीस तर मी थांबेन’ हे मात्र माझ्या हातात असतं. परत आल्यावर तिची मूळ तक्रार नीट ऐकायची. बोलण्याची पद्धत चुकली तरी तक्रार खरी असू शकते.

मारहाण, धमक्या किंवा सततची भीती असेल तर मात्र या दोन्ही वाटा उपयोगाच्या नाहीत. तिथे आधी सुरक्षित जागा आणि बाहेरची मदत.

प्रत्येकाचं घर वेगळं, त्यामुळे ठामपणे सांगणं बरं नव्हे. तरी निवडायचंच असेल तर मी दुसऱ्या वाटेकडे झुकेन. फक्त ते वाक्य भांडणात पहिल्यांदा काढू नका. दोघं निवांत असताना ठरवून ठेवा, आणि ते दोघांसाठी असू द्या. माझा आवाज चढला की हल्ली बायकोही तेच वाक्य म्हणते, आणि मी थांबतो.