पाळणेवाल्यांचं जेवण: डबा, शिधा की डेऱ्यासोबत?

जत्रेत पाळणेवाल्यांचे ट्रक उतरले की पहिली चौकशी जागेची, दुसरी पाण्याची आणि तिसरी जेवणाची. आकाशपाळणा, ब्रेक डान्स, मौत का कुआँ, पोरांची आगगाडी मिळून पंचवीस-तीस गडी सहज होतात. मग गावातल्या एखाद्या बाईला किंवा बचत गटाला निरोप येतो. यंदा तो तुम्हाला आला असेल तर हे काम तीन तऱ्हांनी होतं: माणशी दर ठरवून डबा द्यायचा, मालकाच्या शिध्यावर मजुरीनं रांधायचं, नाहीतर पगारावर डेऱ्यासोबत गावोगाव जायचं. मी तिन्ही केलं आहे.

ऐकायला डबा सगळ्यात बरा वाटतो. घरचा रांधायचा गंज, घरची चूल, माणशी इतके रुपये, गुणाकार केला की मन खूश. पण गड्यांची भूक रोज सारखी नसते. पाळणा उभा करायच्या आणि खोलायच्या दिवशी लोखंड वाहून आलेला गडी चालू दिवसाच्या दुप्पट खातो. एरवी माणशी पाव किलो तांदूळ पुरतो, त्या दिवशी पुरत नाही, आणि दर मात्र तोच. उलट एखाद्या दिवशी सहा जण जत्रेतल्या हंडीवर, म्हणजे मडक्यातल्या मटणावर, जेवून येतात. तुमचं अन्न उरतं आणि हिशेबात सहा ताटं कमी लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे अवकाळी ठरलेली. पाळणा फिरला नाही तरी पोटं तेवढीच, आणि संध्याकाळी ऐकावं लागतं, "भाभी, आज धंदा नहीं हुआ." म्हणून डबा घेणार असाल तर रोजची किमान ताटं आधीच ठरवा, आणि जोडणी-खोलणीच्या दिवसांचा दर वेगळा सांगा. सकाळचा चहा कोणाचा, हेही तेव्हाच बोलून घ्या. भांडण बहुतेक चहावरूनच होतं.

दुसरं, रात्रीची वेळ. खेळ गर्दी हटेपर्यंत चालतो, म्हणजे जेवण बारानंतरच. कुव्यात मोटरसायकल चालवणारी पोरं दुपारी जेमतेम दोन घास खातात, पोट जड असलं तर गरगरतं म्हणतात, आणि सगळी कसर रात्री काढतात. गार वरण त्यांना चालत नाही. तुमचं घर जत्रेपासून दोन किलोमीटरवर असेल तर मध्यरात्री गरम जेवण नेणार कोण, हे घरात आधी विचारा.

शिध्यात ही कटकट बरीच कमी. तांदूळ, डाळ, कणीक, तेल, आलू, कांदे सगळं मालकाचं, रांधणं तुमचं, मजुरी रोजची. पाऊस पडो की गडी कमी येवोत, तुमची मजुरी बुडायचं कारण नाही. जपायचं ते एकच, तेल. रोज सकाळी मालकाच्या माणसासमोर डबा मोजून घ्या, नाहीतर आठव्या दिवशी "तेल बहुत लगता है" सुरू होतं, आणि त्याचा रोख कुठे असतो ते सांगायला नको. जळण कोणाचं हेही ठरवा. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ भडकतो आणि विझतो, त्यावर भाकरी होतात, तीस माणसांचा भात नाही. त्याला बाभळीचं लाकूड लागतं. गॅस म्हणाल तर घरचा १४.२ किलोचा सिलिंडर या कामाला वापरता येत नाही, १९ किलोचा व्यावसायिक लागतो. तो मालकानंच आणावा.

मेन्यूवरून फार जीव टाकू नका. उत्तरेकडची पोरं आपली ज्वारीची भाकर दोन दिवस कौतुकानं खातात, तिसऱ्या दिवशी भात किंवा पोळी मागतात. ठेचा मात्र सगळ्यांना लागतो. मटण रविवारी ठरवू नका. त्या दिवशी गर्दी इतकी की जेवायला कोणी बसत नाही. सोमवारी अर्ध्यांचा उपास. मंगळवार-बुधवार बरा.

डेऱ्यासोबत जाणं हे वेगळंच आयुष्य आहे. पगार महिन्याचा, जेवण त्यातच, झोपायला तंबू. नव्या गावात सगळ्यात आधी चूल उतरते आणि निघताना सगळ्यात शेवटी ट्रकवर चढते, म्हणजे तुमची झोप सगळ्यांपेक्षा कमी. चंद्रपूरला महाकालीची जत्रा चैत्रातली. तिथल्या उन्हात दुपारचं वरण रात्रीपर्यंत टिकत नाही, दोन्ही वेळा नव्यानं रांधावं लागतं. तरी खरं सांगते, मन याच कामात सगळ्यात जास्त लागलं. कोणाला कांदा चालत नाही, कोण तापातही भातच मागतो, कोणाची आई गेल्याचा फोन आला म्हणून तो जेवायला आला नाही, हे सगळं आधी चुलीला कळतं. पण शाळेतली लेकरं असतील तर या वाटेला जाऊ नका. नवरा-बायको दोघं जाणार असाल तर विचार करा. एकट्या बाईला मी हो म्हणणार नाही.

जत्रा किती दिवसांची आहे, त्यावरही बरंच ठरतं. अमरावती जिल्ह्यातली बहिरमची यात्रा डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत चालते. इतके दिवस डब्याची जोखीम अंगावर घेण्यापेक्षा शिधा घ्यावा. थंडी असते, अन्न नासत नाही, आणि हंडीच्या आणि गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांच्या वासानं गडी इकडेतिकडे पांगतात ते मालकाच्या खात्यात जातं. महाशिवरात्रीला गडचिरोली जिल्ह्यातली मार्कंड्याची जत्रा त्या मानानं आटोपशीर. तिथे घर जवळ असेल तर डबा परवडतो, आणि भाताचा मुलूख असल्यामुळे गडीही खूश. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी मात्र जत्रा कुठलीही असो, शिधाच घ्यावा.

पैशाचं बोलणं तिन्हींत सारखंच. मेळ्याच्या हातात पैसा रविवारी येतो, म्हणून हिशेब सोमवारी सकाळी, दर आठवड्याला. उधारी आठ दिवसांपुढे जाऊ देऊ नका. एका मालकानं आमची शेवटची बाकी "अगले गाँव से भेजता हूँ" म्हणून ठेवली, ती अजून यायची आहे. पाळण्याचे डबे उतरायला लागले की मालक दिसेनासा होतो आणि मॅनेजर म्हणतो, मला माहीत नाही. तेव्हा शेवटचा हिशेब खोलणीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळच्या चुलीला जाळ लावायच्या आधी करून घ्या.