ब्युरोची मावशी आणि घरी येणारी नर्स : काही महिन्यांच्या वापरानंतर

ठाण्यात घोडबंदर रोडवर अंथरुणाला खिळलेल्या पेशंटसाठी ब्युरोकडून, म्हणजे घरी सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून, बारा तासांची मावशी (अटेंडंट), शिवाय आठवड्यातून एकदा जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली नर्स, अशी सेवा काही महिने वापरली. पैसे खरे वसूल झाले ते नर्सच्या भेटीत, कारण ती पेशंट तपासते तसंच घरच्यांचा हातही तयार करून जाते.

कूस बदलायचंच घ्या. दर दोन तासांनी, तीस अंश कलतं. पाठीला उशी, गुडघ्यांमध्ये उशी, टाचा गादीवरून सुटलेल्या. ओढून सरकवलं की त्वचा सोलवटते, म्हणून खाली आडवी चादर घालून दोघांनी उचलायचं. एअर बेड, म्हणजे पंपाने हवा भरणारी गादी, आणला म्हणजे कूस बदलायला नको, हा समज घरोघरी आहे आणि फार महागात पडतो. माकडहाडाच्या जागी एअर बेडच्या खालून तळहात घालून बघावा. वर इंचभर हवा लागली पाहिजे. हाड हाताला टेकलं तर पंपाचा दाब वाढवायचा. लाल डाग बोटाने दाबून फिका होत नसेल तर बेडसोर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, सुरू झालाय. तिथे चोळायचं अजिबात नाही. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तेव्हा जागा गरम किंवा कडक लागते का ते हाताने पाहावं.

नाकातल्या नळीने भरवताना डोकं निदान तीस अंश वर, आणि नंतरही तासभर तसंच. गोळ्यांची पूड एकेक करून द्यावी, मध्ये पाणी सोडावं, नाहीतर नळी तुंबते. नळीतून देणं आणि इन्शुलिन ही साध्या अटेंडंटची कामं नव्हेत. ब्युरो फोनवर ‘सगळं करते’ म्हणतो. कामांची यादी लेखी घ्या.

सेवेची खरी कमजोरी म्हणजे बाई आली नाही तर बदली माणूस मिळणं. कळवा-दिव्याहून येणारी बाई पावसात लोकल बंद पडली की अडकते, आणि मग आधीच थकलेल्या सुनेवर किंवा मुलीवर रात्रही येते. सकाळची बाई पोचेपर्यंत रात्रीची थांबेल का, जास्तीच्या तासांचे पैसे किती, बदली किती वेळात, हे आगाऊ पैसे भरण्याआधी ठरवा. उशाशी वही ठेवा: कूस, लघवी, औषध, वेळ, सही.

सांभाळणाऱ्याची झोप उडाली, सारखं रडू येऊ लागलं, तर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास चालू असते. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन एल्डरलाइन १४५६७ सकाळी आठ ते रात्री आठ. ब्युरो हे नंबर देत नाही, द्यायला हवेत.