ल प्वी ते काँक : वाट उत्तम, मुक्काम चोख, आरक्षणाचा मात्र जाच

फ्रान्समधून स्पेनमधील सान्तियागो दे कोम्पोस्तेला या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राकडे जाणाऱ्या यात्रामार्गांपैकी सर्वांत जास्त वर्दळ असते ती ल प्वी-आँ-व्हले या गावाहून निघणाऱ्या वाटेवर. दहाव्या शतकाच्या मध्यावर, ९५०-५१ मध्ये, येथील बिशप गोडेस्काल्क सान्तियागोला जाऊन आल्याची नोंद आहे; आज तीच वाट फ्रान्समधील लांब पल्ल्याच्या पायवाटांपैकी जीआर ६५ या क्रमांकाने ओळखली जाते आणि पिरेनीज पर्वताच्या पायथ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर जाते. मे महिन्यात आम्ही दोघांनी तिचा पहिला, काँकपर्यंतचा साधारण २०० किलोमीटरचा टप्पा केला. पुढील अभिप्राय त्या टप्प्यापुरता असून तो मुख्यतः मुक्कामाच्या व्यवस्थेविषयी आहे, कारण वाटेविषयी तक्रारीला फारशी जागाच नाही.

झाडावर, दगडावर, विजेच्या खांबावर पांढरा आणि त्याखाली लाल असे दोन पट्टे दिसत राहतात; त्याच रंगांची फुली दिसली की ती वाट आपली नव्हे. एवढ्या दोन खुणा लक्षात ठेवल्या, तर दिवसभर फोनमधला नकाशा उघडावा लागत नाही. पाण्यासाठी दफनभूमीतील नळ हा तिथल्या पायी चालणाऱ्यांचा ठरलेला आधार आहे; फक्त पाणी पिण्यायोग्य नसल्याची पाटी नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

मुक्काम ‘झीत’मध्ये, म्हणजे पायी यात्रेकरूंसाठीच्या साध्या निवासात, करायचा असतो. बूट दाराशीच मांडणीवर ठेवायचे, काठ्या तिथल्याच बादलीत उभ्या करायच्या, आणि ढेकणांच्या धास्तीने अनेक ठिकाणी पाठपिशवीही खोलीत न्यायची नाही. रात्रीपुरते सामान एका टोपलीत काढून तेवढेच वर न्यायचे. हा सोपस्कार सुरुवातीला जाचक वाटतो, पण त्यामुळेच खोल्या स्वच्छ राहतात. रात्रीचे जेवण, पलंग आणि सकाळची न्याहारी मिळून माणशी ४५ ते ६० युरो पडतात. ही रक्कम रुपयांत मोजली तर डोळे पांढरे होतात, तरी ती वसूल होते असे माझे मत आहे. संध्याकाळी सातच्या सुमारास सगळे एकाच लांब मेजाभोवती बसतात, सूपचे मोठे भांडे हातोहात फिरते, मग मुख्य पदार्थ, चीज आणि शेवटी घरचे काहीतरी गोड. फ्रेंच येत नसले तरी पायांचे फोड हा विषय सर्वांना समजतो.

खरी अडचण आरक्षणाची. मे महिन्यात फ्रान्समध्ये सुट्ट्यांची रेलचेल असते आणि ल प्वी ते काँक हा टप्पा आठवडाभराच्या रजेत बसवता येत असल्यामुळे नेमक्या त्याच दिवसांत जागा भरलेल्या असतात. सप्टेंबरचीही तीच गत. परिणामी प्रत्येक रात्रीचे गाव आधीच ठरवावे लागते, आणि एकदा ते ठरले की गुडघा दुखला किंवा एखादे गाव आवडले तरी थांबता येत नाही. पाठपिशवी पुढच्या मुक्कामी पोहोचवणाऱ्या गाड्यांची सेवा सोयीची आहे, पण तिच्यामुळे हे वेळापत्रक अधिकच पक्के होते. अर्थात शेंगेन व्हिसासाठी निवासाचे कागद जोडावे लागत असल्याने भारतातून जाणाऱ्याला ही मोकळीक तशीही नसतेच.

शाकाहारी मंडळींनी आरक्षण करतानाच मांस आणि मासे दोन्ही चालत नाहीत असे वेगवेगळे सांगावे. एका ठिकाणी आम्ही आधी कळवूनही डुकराच्या मांसाचे तुकडे घातलेले मसूर समोर आले. यजमानांनी ताट बदलून ऑम्लेट दिले, पण अंडे न खाणाऱ्याने त्या रात्री पावावर भागवले असते. ल प्वीचे हिरवे मसूर नुसते शिजवलेले मिळाले तर मुद्दाम खावेत. ओब्राकच्या पठारावर ‘आलिगो’ मिळतो : कुस्करलेल्या बटाट्यात ताजे चीज, साय आणि लसूण घालून लाकडी उलथन्याने तो इतका घोटतात की वाढताना हातभर उंच तार निघते. मात्र या भागातील पारंपरिक चीजसाठी वासराच्या जठरातील रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) वापरतात, हे काटेकोर शाकाहाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याच गावांत सोमवारीही दुकाने बंद असल्यामुळे शनिवारीच शिधा घेऊन ठेवणे बरे.

नास्बिनाल ते सें-शेली दोब्राक ही १७ किलोमीटरची वाट १९९८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, आणि पूर्ण टप्प्यातील सर्वांत देखणा भाग तोच आहे. झाडे जवळजवळ नाहीत, दगडी गडग्यांमधून गवत पसरलेले, आणि कुरणांत काजळ घातल्यासारख्या डोळ्यांच्या, लांब शिंगांच्या फिकट बदामी गाई. ओब्राक गावानंतर मात्र दगडगोट्यांचा उतार लागतो; गुडघ्यांची परीक्षा चढापेक्षा इथे अधिक होते, म्हणून काठ्या भाड्याने किंवा विकत, कशाही घ्याव्यात.

काँकमध्ये मठाच्या निवासात जागा मिळाल्यास सोडू नये. मठाच्या चर्चमध्ये दाराच्या कमानीवर ख्रिस्ती श्रद्धेतील अंतिम न्यायाचे बाराव्या शतकातील शिल्प आहे, आणि आत खिडक्यांना १९९४ मध्ये बसवलेल्या, चित्रकार पिएर सूलाज यांच्या बिनरंगी काचा; त्या मला बाहेरच्या शिल्पाइतक्याच आवडल्या, सोबत जेवणाऱ्या काहींना मुळीच नाही. काँकला रेल्वे नाही आणि बसगाड्याही तुरळक आहेत. त्यामुळे हाती वेळ असल्यास इथून परतण्याची खटपट करण्यापेक्षा आणखी दोन-तीन मुक्काम चालून फिजाक गाठावे. तिथे रेल्वे स्थानक आहे, आणि इजिप्तची चित्रलिपी उलगडणाऱ्या शांपोलियाँचे जन्मगावही तेच.