कॅश ऑन डिलिव्हरीचा घागरा

कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे माल पाहून पैसे, असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात. तसं नसतं. पैसे मोजल्याशिवाय डिलिव्हरीवाला सहसा डबा फोडू देत नाही, आणि डबा फोडेपर्यंत त्याची गाडी पुढच्या गावाला लागलेली असते. माझ्या भाचीच्या लग्नातल्या संगीत कार्यक्रमाच्या घागऱ्यात आम्हाला नेमकं इथेच गाठलं.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात ब्लाउज, घागरे शिवते. लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं, म्हणजे ऐन कापूस वेचणीत. नागपूरला गांधीबागेच्या कापडबाजारात जाऊन यायचं तर घरातल्या दोघांचा दिवस मोडतो. त्यात पोरीने इन्स्टाग्रामवर एक मरून घागरा पाहून ठेवलेला. ‘हाताचं जरदोसी काम, जड कॅनकॅन, चार मीटर घेर’, किंमत 6,499. कॅनकॅन म्हणजे घेर फुगून राहावा म्हणून आतून लावलेली ताठ जाळी. मी बहिणीला म्हटलं, खरं जरदोसी काम लाकडी चौकटीवर कापड ताणून, आरीने म्हणजे आकड्याच्या सुईने आणि साध्या सुईने दबका (बारीक पिळाची तार) आणि टिकल्या भरून होतं. पूर्ण घेर भरायला कारागिरांचे आठवडे जातात. या भावात ते बसत नाही. त्यावर बहीण म्हणाली, “पैसे तं डबा आल्यावरच द्याचे हायेत नं वं!” झालं, सगळ्यांची खात्री पटली. ‘बुकिंग’चे 499 फोनवरून गेले, उरलेले 6,000 दारात द्यायचे ठरले.

दारात म्हणजे फाट्यावर. कुरिअरवाले गावात येतच नाहीत, फोन करून फाट्यावर बोलावतात. घरचे सगळे वावरात, म्हणून आजी गेली. तिने नोटा मोजून दिल्या आणि डबा घेऊन आली.

संध्याकाळी डबा माझ्या मशीनवर उघडला. झुळझुळीत नेट, खाली पातळ अस्तर, कॅनकॅनचा पत्ता नाही. टेप लावला तर घेर दोन मीटरच्या आतबाहेर. मग मी तो उलटा केला. हाताच्या कामाची उलटी बाजू ओबडधोबड असते, गाठी दिसतात, दोरे एका नक्षीवरून दुसरीवर ओढलेले असतात. मशीनच्या कामाला मागून सरळ खालचा दोरा आणि कागदासारखा फ्युजिंगचा तुकडा असतो. याच्या मागे एकही टाका नव्हता, नुसते गोंदाचे पिवळट डाग. ज्याला ते जरदोसी म्हणत होते तो सोनेरी फॉइलचा छाप होता आणि खडे चिकटवलेले. नखाने खरवडलं तर चमकी बोटाला आली.

डब्यावरच्या लेबलवर वजन छापलेलं होतं, 700 ग्रॅम. जड कामाचा, कॅनकॅनचा घागरा कित्येक किलो भरतो. पैसे देण्याआधी आपल्या हातात काय असतं तर एवढं लेबलच. लेबल वाचा, डबा उचलून पाहा. हलका वाटला तर सरळ ‘नको’ म्हणून परत पाठवा. अशा वेळी गेले तर बुकिंगचे पैसे जातील, बाकीचे तरी वाचतील.

पेजवाल्याने आधी ‘बदलून देतो दीदी’ म्हटलं, मग नंबर ब्लॉक केला. पण खरा डाव पुढेच होता. दुसऱ्याच नंबरवरून ‘रिफंड विभागा’चा फोन आला, “रिक्वेस्ट पाठवली आहे, पिन टाका, पैसे जमा होतील.” भाची पिन टाकणारच होती, तिच्या भावाने फोन हिसकला. पैसे मिळायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. ज्याला आपण आधी फसलो हे माहीत असतं, तोच असा फोन करू शकतो.

कुरिअरलाही तक्रार केली, कारण दारात दिलेली रोकड विक्रेत्याकडे सहसा काही दिवसांनी वळती होते. आम्हाला उत्तर मिळालं, ‘विक्रेत्याशी बोला’. तरी पार्सलचा नंबर देऊन त्याच दिवशी लेखी तक्रार टाकाच. फोनवरून गेलेल्या पैशांसाठी सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर जितक्या लवकर सांगाल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त. मालाच्या तक्रारीला ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी दिसायला हवा. या पेजवर यातलं काही नव्हतं. मागितल्यावर जीएसटी नंबर दिला, तो 07 ने सुरू होणारा. 07 म्हणजे दिल्ली, आणि हे स्वतःला सुरतेचे म्हणवत होते, जिथला नंबर 24 ने सुरू होतो. ऑर्डरच्या आधी नंबर मागा आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहा, फुकट आहे.

तक्रारीचा नंबर आला आहे, पैसे नाहीत. पेजचं नाव बदललंय. मरून घागरा तोच, हवेलीच्या पायऱ्यांवर उभी असलेली मुलगीही तीच. किंमत मात्र आता 5,999 केली आहे.