बाबांसाठी घेतलेलं मधुमेहाचं पेड ॲप: वर्षभर वापरल्यावर

वर्गणी संपत आलीय, 'आजच रिन्यू करा' असे मेसेज रोज येतायत, म्हणून लिहायला बसले. व्हिडिओ, आहाराचे धडे, शुगरची नोंदवही आणि अधूनमधून एज्युकेटरचा, म्हणजे मधुमेह कसा सांभाळायचा ते शिकवणाऱ्याचा, कॉल, हे सगळं त्यांच्या जाहिरातीत आहेच, ते परत सांगत नाही. बाबा बहात्तरचे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेतात, तेही बाटलीतून सिरिंजने. इन्सुलिनचं पेन परवडत नाही असं नाही, पण बाटलीत भागत असताना जास्तीचे पैसे कशाला, हे त्यांचं म्हणणं आणि माझंही.

आधी सिरिंजचं सांगते, कारण माझा सगळा राग तिथे आहे.

इंजेक्शनचा व्हिडिओ मराठीत आहे आणि तसा चांगला आहे. पोटावर दर वेळी जागा का बदलायची, एकाच जागी टोचत राहिलं की गाठी होऊन इन्सुलिन नीट का शोषलं जात नाही, हे बाबांना मी कितीदा सांगितलं होतं. पटलं ते तिथे. पण त्यातल्या बाईंच्या हातात केशरी टोपणाची सिरिंज आहे, म्हणजे एका मिलिलिटरला १०० युनिट धरून रेघा आखलेली. आपल्याकडे मेडिकलमध्ये साध्या इन्सुलिनची जी बाटली मिळते ती बहुतेक वेळा ४० ची असते, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, आणि तिला लाल टोपणाचीच सिरिंज लागते. ४० च्या बाटलीतून केशरी सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात जातात फक्त ४ युनिट. उलट, पेनच्या काडतुसातलं १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजने १० पर्यंत ओढलं तर जातात २५. अडीचपट डोस! रात्री झोपेत शुगर उतरली तर कोणाला कळणार? अख्ख्या व्हिडिओत याबद्दल एक शब्द नाही.

हे कागदावरचं भांडण नाही. दिवाळीत मेडिकलमध्ये लाल सिरिंज संपल्या होत्या आणि काउंटरवरच्या पोराने केशरी पाकीट दिलं. बाबा निवांत म्हणाले, "अगं, व्हिडिओतली हीच की." पाकीट मी तिथल्या तिथे परत केलं आणि घरी येऊन ॲपवाल्यांना लिहिलं. उत्तर आलं, 'कृपया आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.' दोन्ही टोपणांचे फोटो काढून परत पाठवले, तर तेच वाक्य पुन्हा. पैसे परत मागितले, तर मुदत उलटून गेली म्हणे.

तेव्हा हे लिहिलं असतं तर एकच स्टार दिला असता. पण त्यानंतरच्या कॉलवर नवीन एज्युकेटर आल्या. मी विषय काढताच त्या बाबांना म्हणाल्या, "काका, बाटली आणि सिरिंज दोन्ही कॅमेऱ्यासमोर धरा, आणि दोन्हीवरचा आकडा मला मोठ्याने वाचून दाखवा." बाबांनी चष्मा लावून वाचला, "चाळीस... आणि इथेही चाळीस." तेव्हापासून नवीन पाकीट फोडताना ते आकडा मोठ्याने वाचतात. कंपनीला जे जमलं नाही ते या बाईंनी पाच मिनिटांत केलं.

शुगर लो झाल्यावर काय करायचं, तेही त्यांच्याकडूनच नीट कळलं. आकडा ७० च्या खाली गेला की १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे पाण्यात, मग पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. ॲपच्या धड्यात 'अर्धा कप ज्यूस' लिहिलंय. आमच्या फ्रिजमध्ये ज्यूस कधी असतो? बाबा अशा वेळी पेढा खायचे. पेढ्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते, हे ऐकल्यावर पेढा बंद झाला.

आहाराचा भाग मात्र मनापासून आवडला. उपवासाचा वेगळा धडा आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यावर बटाटा, मग शुगर उसळणारच. इन्सुलिनवाल्यांनी डॉक्टरांना न विचारता कडक उपवास धरू नये, हे त्यात स्पष्ट सांगितलंय. बाबांनी चतुर्थी सोडली नाही, पण डॉक्टरांना विचारून खिचडीऐवजी राजगिऱ्याची भाकरी आणि दही सुरू केलं. नोंदवहीही कामाची आहे. सकाळचा एकच आकडा बघून खूश व्हायचं नाही, एचबीए१सी ही रक्ततपासणी ७ टक्के आली म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर साधारण १५४, हे तिथे उलगडून सांगितलंय. आंबा कापलेल्या हाताने तपासलं तर आकडा खोटा वाढतो, हात साबणाने धुऊन पुसायचे, हेही.

वर्षाच्या वर्गणीच्या पैशांत बाबांच्या शुगर तपासायच्या दोन महिन्यांच्या स्ट्रिप्स येतात. स्ट्रिप्सशिवाय चालत नाही, धडे एकदा बघून झाले की झाले. म्हणून वर्षाचं रिन्यू करणार नाही. नुसते एज्युकेटरचे कॉल वेगळे विकत मिळाले तर त्याच दिवशी घेईन.

ज्यांच्या घरी इन्सुलिन पेनने घेतात त्यांनी ॲप घ्यायला हरकत नाही. बाटलीवाल्यांनी इंजेक्शनचा व्हिडिओ घरच्या म्हाताऱ्या माणसाला एकट्याने बघू देऊ नका, शेजारी बसा आणि लाल टोपण हातात धरून सांगा. व्हिडिओ आज सकाळीही तोच होता, केशरी टोपणाचा. बदलला की इथेच लिहीन आणि स्टारही वाढवीन. तोपर्यंत पाचपैकी तीन, त्यातले दोन त्या एज्युकेटर बाईंचे.