ऑइल पेंटिंगला काच न लावता सागवानी फ्लोटर फ्रेम, अख्खा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

भाचीने वाईजवळच्या मेणवलीच्या नदीघाटाचं ऑइल पेंटिंग करून दिलंय, कॅनव्हासवर, 24 बाय 36 इंच. मागच्या दिवाळीत त्याला फ्रेम केली आणि आता ठाण्यातल्या घरात एक पूर्ण पावसाळा काढून झालाय म्हणून सविस्तर लिहितेय, कारण मी शोधत होते तेव्हा सगळीकडे नव्या कोऱ्या फ्रेमचे फोटोच दिसत होते, चार महिने पाऊस खाल्ल्यावर काय होतं ते कुणी लिहितच नाही.

आधी काचेचं. फ्रेमवाला काच लावायचीच म्हणून हटून बसला होता, नाहीतर धूळ बसेल म्हणे. भाचीने फोनवरच ठणकावलं, "मावशी, काच अजिबात लावू देऊ नकोस." कागदावरच्या वॉटरकलरला काच हवीच, ऑइलचं वेगळं असतं. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं, वरून हाताला कोरडं लागलं तरी जाड थर आतून कित्येक महिने वाळतच असतो, अशात काच टेकली की रंग चिकटायची भीती आणि आपल्या दमट हवेत आत ओल कोंडली की बुरशी. शिवाय या मापाची 3 एमएमची काच एकटीच चार किलोच्या वर भरते.

फ्रेम फ्लोटर घेतली, म्हणजे पट्टी चित्रावर चढत नाही, चारी बाजूंनी पाव इंच फट राहते आणि कडेपर्यंत रंगवलेलं सगळं दिसतं. सागवान फायबरच्या पट्टीपेक्षा चांगलंच महाग पडलं पण कोपऱ्याचे सांधे अजून घट्ट आहेत, कुठे उघडले नाहीत. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) मी सुचवणार नाही, पाणी लागलं की फुगतं. कॅनव्हास मागून स्क्रूने धरलाय, खिळे ठोकू दिले नाहीत, ठोकताना हादरे बसतात ते रंगाला चांगले नाहीत.

आता खरी महत्त्वाची गोष्ट, मागची बाजू. सगळे समोरूनच बघतात आणि कॅनव्हासची पाठ उघडी ठेवून भिंतीवर टांगून देतात. मी मागे सनपॅक शीट (हलकी, आतून पोकळ प्लास्टिकची) कापून स्क्रूने बसवून घेतली आणि चारी कोपऱ्यांत रबरी बुशी, म्हणजे छोटी रबरी बटणं लावली, त्यामुळे भिंत आणि फ्रेममध्ये बोटभर जागा राहते. ऑगस्टमध्ये उतरवून बघितलं तर फ्रेमच्या मागच्या भिंतीवर बुरशीचे करडे ठिपके आले होते, शीटला बाहेरून दमट पावडरसारखं काहीतरी लागलं होतं आणि एका कोपऱ्यात पालीची दोन पांढरी अंडी चिकटलेली. शीट काढली तर आत कॅनव्हासची पाठ कोरडी, एक डाग नाही!! ती शीट नसती तर हे सगळं कापडावर आलं असतं, आणि कापडातून पुढे रंगापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागतो.

जुलैत डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात कॅनव्हास जरा सैल पडला होता, तिरक्या उजेडात हलकी लाट दिसायची. मागच्या चौकटीच्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी ठोकून तो ताणता येतो, पण भर पावसात ठोकला आणि हवा कोरडी झाल्यावर आणखी आवळला तर रंगावर ताण येणार, म्हणून थांबले आणि ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर आपोआप सरळ झाला. व्हिडिओत सैल कॅनव्हास ताणायला मागून पाणी फवारायला सांगतात ते कृपया करू नका, पाण्याने कापडावरचा सरसाचा थर आणि रंगाखालचं अस्तर (प्रायमर) दोन्ही दुखावतात.

व्हार्निश एप्रिलमध्ये भाचीनेच येऊन मारलं, चित्र पुरतं वाळल्यावर. डॅमर (झाडाच्या राळेचं व्हार्निश) वर्षं गेली की पिवळं पडतं म्हणून तिने सिंथेटिक घेतलं, सॅटिन म्हणजे मंद चकाकीच्या फिनिशचं, आणि घाटाच्या पायऱ्यांच्या सावल्या जिथे विझल्यासारख्या दिसत होत्या त्या एकदम खोल झाल्या. पुढेमागे काजळी बसली तरी ती व्हार्निशवर बसेल, रंगावर नाही.

फ्लोटरचा एक त्रास आहेच, त्या फटीत धूळ साचते. मऊ कोरड्या ब्रशने दर पंधरवड्याला काढावी लागते. ओलं फडकं नाही आणि कॉलिन तर मुळीच नाही.

जागा निवडताना बाहेरची पावसाळी भिंत टाळा, आतली पार्टिशनची भिंत घ्या. देवघराच्या वर किंवा शेजारी नको, निरांजन आणि उदबत्तीचा धूर रोज थोडा थोडा बसतो, स्वयंपाकघराच्या दाराजवळही तेच. थेट ऊन नको, पण अंधारी खोलीही नको, जवसाचं तेल अंधारात जास्त पिवळं पडतं. टांगायला फ्रेमच्या मागे दोन्ही बाजूंना डी-रिंग (इंग्रजी डी आकाराच्या कड्या) आणि भिंतीत प्लग घालून दोन वेगळे हुक घेतलेत, एका खिळ्यावर फ्रेम सारखी तिरकी होते. वर दिवा लावायचा राहिलाय, एलईडीच लावणार, हॅलोजनच्या उष्णतेशेजारी हे चित्र मी ठेवणार नाही.